जात्याचा दिवा

खरवलीच्या टोकावरचे दीपगृह उंचीच्या बाबतीत कुणाच्या खिजगणतीत नसते. किनाऱ्यावर त्याहून उंच, त्याहून देखणी दीपगृहे आहेत, आणि खरवलीकरांनाही ते ठाऊक आहे. फक्त ते कबूल करत नाहीत. पण शहाण्णव पायऱ्या चढून, धापा टाकत वरच्या खोलीत पोचले की जे दिसते ते दुसऱ्या कुठल्या दीपगृहात दिसायचे नाही. मधोमध माणसाहून उंच काचेचे भिंग, भोवती पितळी कठडा, आणि कठड्याला लागून जमिनीवर एक जाते. धान्य दळायचे, दोन दगडांचे, घरगुती जाते. खुंटा हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. कडेने तांदळाचे ताजे पीठ सांडलेले.

त्या दिवशी कराडहून सहलीला आलेले निकम कुटुंब या जात्यापाशी थबकले. निकम एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करत. त्यांच्या मनगटावर सेकंदाचा दहावा भाग दाखवणारे घड्याळ होते आणि ते त्यांनी सकाळपासून चार वेळा सगळ्यांना दाखवून झाले होते. बरोबर बायको आणि नऊ वर्षांची रेवा. निकमांची थोरली बहीण अक्का मात्र वर आली नव्हती. "शहाण्णव? माझ्या गुडघ्यांना विचारा आधी," असे म्हणून ती खालच्या कट्ट्यावरच बसून राहिली होती.

"दिव्याच्या खोलीत जातं?" निकम हसले. "शोभेला ठेवलंय वाटतं."

त्यांना वर घेऊन आलेले धर्मा नाखवा पंच्याहत्तरीचे. सारा जन्म तांडेल म्हणून, म्हणजे मचव्याचे सुकाणू धरून, दर्यावर गेलेला. आता खालच्या छोट्या संग्रहालयाची किल्ली कमरेला लावून ते पाहुण्यांना दीपगृह दाखवत. शोभेची गोष्ट त्यांना फारशी रुचली नाही.

"शोभा नाय साहेब, यंत्र हाय ते," ते म्हणाले. "आन तुमच्या घड्याळापेक्षा बराबर चालतं. चला खाली. गोष्ट खाली सांगायची. वर नुसतं दळायचं."

खाली संग्रहालयात त्यांनी आधी सगळे रीतसर दाखवले. जुने होकायंत्र, शिडाच्या दोरांच्या बारा गाठी, नांगर, हातभर लांबीची दुर्बीण. शेवटी काचेच्या पेटीत ठेवलेला तुटक्या साखळीचा एक तुकडा दाखवला आणि तिथून पाहुण्यांना बाहेर कट्ट्यावर, अक्कापाशी आणून बसवले. ऊन कलायला लागले होते. नाखवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि गोष्ट सुरू केली ती अशी.

दीपगृह बांधले तेव्हा वीज नव्हती, असे सांगतात. मध्ये तेलाचा दिवा आणि त्याच्याभोवती फिरणारे हे भिंग. भिंग पाऱ्यावर तरंगते, म्हणून एवढे अवजड असूनही एका हाताने ढकलले तरी फिरते. ते फिरवायला साखळीला टांगलेले वजन होते. विहिरीत पोहरा सोडावा तसे ते वजन हळूहळू खाली उतरायचे आणि त्याच्या ओढीने भिंग फिरायचे. एक फेरा, एक चमक. एका चमकेपासून दुसरीपर्यंत संथपणे दहा अंक मोजावेत एवढे अंतर.

हे दहाचे अंतर हीच खरवलीच्या दिव्याची ओळख. चार कोसांवर दक्षिणेला देवखोलचा दिवा होता, त्याचे अंतर पाचाचे. अंधार पडला की तांडेलाला ना टोक दिसते ना गाव. तो चमक पाहतो आणि मोजतो. दहा भरले तर खरवली, दिवा उजव्या हाताला ठेवून बंदरात शिरायचे. पाच भरले तर देवखोल, तिथे दिवा डाव्या हाताला ठेवायचा. आणि खरवलीलाच देवखोल समजून कुणी दिवा डाव्या हाताला ठेवला तर? तर पुढे कासवी. टोकाच्या दक्षिणेला पाण्याखाली हे खडक पसरले आहेत. वर फेसाची नुसती एक रेघ दिसते. कासवीवर चढलेला मचवा परत आला असे आजवर कुणी ऐकलेले नाही.

दीपगृहावर तेव्हा लोबो मास्तर होते. गोव्याकडचे, एकटे, मितभाषी, आणि नेमाचे असे पक्के की त्यांना पाहून लोक आपली कामे उरकायचे. त्यांचा एक नेम म्हणजे दिव्याच्या खोलीत बाहेरचे कुणी यायचे नाही. त्यात बाईमाणूस तर नाहीच नाही.

आणि टोकाच्या पायथ्याशी, दिव्यापासून हाकेच्या अंतरावर, काथोड तांडेलाचे घर होते. त्याची बायको आवडी.

आवडी दिसायला बेताची, बोलायला फटकळ, पण तिचा गळा मोठा गोड होता, म्हणे. लग्नात माहेराहून तिने एकच वस्तू हट्टाने आणली होती, ती म्हणजे आईचे जाते. दागिने राहू देत, जाते द्या, असे मांडवात म्हणाली, आणि वऱ्हाडाने ते दोन दगड मचव्यात घालून आणले. पहाटे गाव झोपेत असताना ती ओटीवर दळायला बसायची. त्या वेळी दिवा अजून चालूच असायचा. दर फेऱ्याला उजेड तिच्या भिंतीवरून सरकून जायचा. भिंत उजळली की ती ओवी सुरू करायची, आणि ओवी संपता संपता भिंत पुन्हा उजळायची. असे तिने ठरवून केले नव्हते. वर्षानुवर्षे तसेच दळता दळता तिचा हात, तिचा श्वास आणि दिव्याचा फेरा एकमेकांत बसून गेले होते. काथोड दर्यावर निघण्याआधी तिथेच अंथरुणात पडलेला असायचा. डोळे मिटलेले, कानावर बायकोची ओवी, आणि दर ओवीच्या शेवटी पापण्यांवर उजेड. उठायचा कंटाळा आला की, "आणखी दोन ओव्या, मंग उठतो," म्हणायचा.

एका वर्षी कार्तिकात पाच मचवे एकदमच बाहेर पडले. आभाळ स्वच्छ, वारा मनासारखा, दर्या असा शांत की म्हाताऱ्यांनीही काही कुरकुर केली नाही. त्यातल्या तिघांवर आवडीचे भाऊ तांडेल, चौथ्यावर तिचा दीर आणि पाचवा मचवा काथोडचा. सगळे मिळून एकोणतीस माणसे. खरवली तेव्हा लहान होती. एकोणतीस माणसे म्हणजे अर्धे गाव.

दुपार टळली आणि नैर्ऋत्येकडून वादळ आले. कार्तिकात असले वादळ कुणी पाहिले नव्हते. तासाभरात आकाश काळे झाले, माड जमिनीकडे वाकले, आणि दिवेलागणीच्या आधीच सगळीकडे काळोख पसरला. बायका टोकाखालच्या खडकांवर जमल्या. लोबो मास्तरांनी दिवा नेहमीपेक्षा लवकर लावला. भिंग फिरू लागले, पहिली चमक पाण्यावरून गेली, आणि बायकांना जरा धीर आला.

त्या धीराला अर्धी घटकाही मिळाली नाही. दीपगृहावर वीज पडली. साखळी तुटली, वजन शहाण्णव पायऱ्यांच्या मधल्या पोकळीतून थेट तळाला जाऊन आदळले, आणि तुटलेल्या साखळीच्या फटक्याने मास्तरांचा उजवा हात मोडला. भिंतीवरचे घड्याळ खाली पडून फुटले. दिवा जळत होता, पण भिंग जागच्या जागी थांबले.

लोबो मास्तर भित्रे नव्हते, हे नाखवा दर वेळी ठासून सांगतात. मोडका हात त्यांनी गळपट्ट्यात बांधला आणि डाव्या हाताने भिंग ढकलायला लागले. घड्याळ नव्हते, तेव्हा तोंडाने अंक मोजू लागले. एक, दोन, तीन. पण ज्याच्या जिवाची घालमेल चालली आहे त्याचे अंक कधी संथ निघतात का? त्यांना वाटत होते, आपण दहाच मोजतो आहोत. मोजतही दहाच होते. पण ते दहा आठांएवढे झाले, मग सातांएवढे, शेवटी पाचांच्या आसपास. पाण्यावरून जाणारी चमक घाईला आली.

खालच्या बायकांना एवढेच कळले की दिवा पुन्हा फिरायला लागला. त्या एकमेकींना मिठ्या मारू लागल्या. एकट्या आवडीचा चेहरा उतरला.

"दिवा चुकतोय," ती म्हणाली.

"फिरतोय की गो! दिसत नाय तुना?" तिची नणंद म्हणाली.

"फिरतोय, पन चुकतोय. माजी ओवी बसत नाय त्यात."

बायकांनी तिला वेड्यात काढले. इतक्यात दूर काळोखात कंदिलाचा एक ठिपका दिसला. पहिला मचवा! बायकांनी आनंदाने हाका मारल्या. ठिपका जवळ आला, टोकाच्या समोर आला, आणि मग हळूहळू दक्षिणेकडे वळू लागला. कासवीकडे. तांडेलाने चमक मोजली होती, त्याला देवखोलचा दिवा भेटला होता, आणि तो वर्षानुवर्षांच्या शहाणपणाने, अगदी बरोबर, मरणाकडे वळला होता. हाकांच्या किंकाळ्या झाल्या. पण त्या वाऱ्यात किंकाळी दहा पावलांपुढे जात नव्हती.

आवडी ओरडली नाही. ती दीपगृहाकडे धावत सुटली.

दारात मास्तरांचा पहारेकरी उभा. त्याने हात आडवा धरला. बायांना वर जायचा हुकूम नाही. आवडीने वाद घातला नाही, म्हणे. त्याचा हात धरून त्याला बाजूला केले. रोज मासळीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या बाईने बाजूला केलेला माणूस बाजूला होतो. ती शहाण्णव पायऱ्या कशा चढली ते तिला नंतरही आठवले नाही.

वर मास्तर घामाने भिजलेले, ओठ अंकांवर चाललेले. त्यांनी वळून पाहिले आणि "खाली जा!" म्हणून ओरडले.

"मास्तर, तुमी भ्यालाव," आवडी म्हणाली. "दिवा पळतोय तुमचा. मचवा कासवीवर चाललाय."

एवढ्या वर्षांत मास्तरांना असे कुणी बोलले नव्हते. पण त्यांच्या कानाने त्याच क्षणी दुसरेच काहीतरी ओळखले. हा आवाज ते रोज पहाटे वर ऐकत आले होते. दिवा मालवायच्या आधीचा तो शेवटचा एकटा तास त्यांनी या गळ्याच्या सोबतीने काढला होता, पण तोंड कधी पाहिले नव्हते.

"खाली दळते ती तू?" त्यांनी विचारले.

"मी. माजी ओवी आन तुमचा फेरा एक हाय. माज्या ओवीवर फिरवा."

मास्तर नेमाचे पक्के, आणि आजचा नेम एकच होता: दिवा दहावर चालला पाहिजे. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आवडीने डोळे मिटले आणि ओवी सुरू केली.

ओवी येईना!

शब्द आठवत होते, चाल आठवत होती, पण ओवी कधी आखडे तर कधी ताणली जाई. मास्तरांचा हात मध्येच अडखळला. आवडीला हुंदका आला. आणि मग तिच्या ध्यानात आले की ओवी गळ्यात नाहीच. ओवी हातात आहे. जात्यावाचून ती येणार कुठून?

ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि सगळा जीव एकवटून खाली ओरडली, "माजं जातं आना!"

तिच्यामागोमाग खालच्या दारापर्यंत आलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. नणंदेने पहिला पदर खोचला. मघाशी वेडी म्हणणारी तीच, पण आता एक शब्द न विचारता पळत सुटली. पाच बायका घरात घुसल्या. एरवी जाते हलवायला गडी लावायचे. त्या दिवशी वरचा दगड दोघींनी उचलला, खालचा तिघींनी, आणि वाऱ्यापावसात टेकडी चढून त्या दारात आल्या. पहारेकरी आपणहून बाजूला झाला; नुसता झाला नाही, त्यानेही खालच्या दगडाला खांदा दिला. गोल जिन्यात दोघींच्या बोटांची सालटी निघाली. एकीचा पाय मुरगळला, तेव्हा ती बसून एकेका पायरीवर सरकत आली. त्या पायऱ्यांवर अजून दोन ठिकाणी दगडाचे टवके उडालेले दिसतात. ते जाते ठेचकाळल्याचे, असे सांगतात.

जाते मांडले. आवडी बसली, खुंटा धरला आणि थांबली. रिकामे जाते फिरवू नये, तो अपशकुन. दर्यावर घरची माणसे असताना तर मुळीच नाही. नणंदेने ओला पदर सोडला. घरातून निघताना तिने तांदळाचे टोपले त्यात ओतून घेतले होते. बाईमाणसाला असल्या वेळी जे सुचते ते मास्तरांच्या पुस्तकात कुठे लिहिलेले असणार?

पहिली मूठ घालताना आवडीने समुद्राकडे तोंड केले आणि नवस बोलली. "दर्याराजा, पाची मचवे दे. ह्ये आयचं जातं मी खाली न्यायची नाय. तुलाच दिलं."

आणि तिने दळायला घेतले.

"दळण दळीते, हात माजा खुंट्याला
बाई जीव माजा, दर्यातल्या मचव्याला"

दगड गरगरला. ओवी जशी पहाटे यायची तशी आली, न घाईची न रेंगाळलेली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, अंक सोडून दिले आणि हात त्या ओवीच्या हवाली केला. ओवी संपली तिथे फेरा संपला आणि चमक पाण्यावरून गेली. पुन्हा ओवी, पुन्हा चमक. दहा. दहा. दहा.

खिडकीशी उभी असलेली बाई ओरडली, "वळला! वळला गो!" नैर्ऋत्येच्या वाऱ्याशी झगडत कासवीच्या तोंडाशी पोचलेला कंदील थबकला होता. मग तो झोकांड्या खात उत्तरेकडे वळला आणि टोकाला वळसा घालून बंदरात शिरला. तो आवडीच्या धाकट्या भावाचा मचवा.

"पयला मचवा बाई, माज्या पाठीच्या भावाचा
दिव्या दाव वाट, त्यो आधार गावाचा"

दुसरा आला. तिसरा आला. जो मचवा लागेल त्याच्या तांडेलाच्या नावाने आवडी एक ओवी गाई, आणि बाकीच्या पाचजणी तिच्यामागून. गळा बसला तेव्हा नणंदेने ओवी उचलली, तिच्याकडून दुसरीने. कुणाचीही ओवी चुकली नाही. कारण सगळ्या त्याच गावच्या, त्याच उजेडात दळणाऱ्या. आपल्यापाशीही हे आहे, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते. चौथा मचवा लागला तेव्हा वारा उतरला होता आणि गावात जेवणवेळ होऊन गेली होती. खाली चोवीस माणसे उतरली होती. आपापल्या माणसाला पाहून पाचजणींच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

पाचवा मचवा आला नाही.

बराच वेळ गेला. दर्यावर एकही ठिपका नव्हता. मास्तरांचा हात लाकडासारखा झाला होता, पण ते थांबले नाहीत. नणंद आवडीच्या पाठीवरून हात फिरवू लागली. त्या हाताचा अर्थ आवडीला कळला आणि तिने तो झटकला.

त्या काळी बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. घरचे, धनी, हे असले काहीतरी म्हणायचे. नावाने माणसाचे आयुष्य कमी होते, अशी समजूत. आवडीने भावांच्या ओव्या गायल्या होत्या, दिराची गायली होती. काथोडची ओवी तिला कधी करताच आली नव्हती. शेवटची मूठ जात्यात पडली. तिने फुटलेला आवाज लावला आणि सगळ्यांच्या देखत गायली:

"पाचवा मचवा बाई, नाव घेते मी उघड
दर्या दे माघारी, माजा धनी काथोड"

पाचजणींनी तोंडाला पदर लावले. मग नणंदेनेच पदर काढला आणि भावाचे नाव घेऊन तीच ओवी पुन्हा म्हटली. मग बाकीच्या चौघींनी. मास्तरांनीही म्हटली, म्हणे. त्यांच्या गोव्याकडच्या उच्चारात ती कशी वाटली असेल, हे नाखवा मोठ्या गमतीने करून दाखवतात.

आणि पश्चिमेला, अगदी दूर, एक कंदील दिसला.

तो तिरका गेला नाही, डगमगला नाही. ओढून घ्यावा तसा सरळ आला, दिवा उजव्या हाताला ठेवला आणि बंदरात शिरला. जाते थांबले तेव्हा टोपलेभर तांदळातला एक दाणा उरला नव्हता.

बायका धडाधड खाली उतरल्या. सारे गाव किनाऱ्यावर लोटले होते. काथोड गुडघाभर पाण्यात उतरला. शीड फाटलेले, अंग सोललेले, पण चारही खलाशी उभेच्या उभे. लोकांनी त्याला घेरले. एवढा वेळ कुठे होतास? दिवा दिसला नाही का?

"दिसला," काथोड म्हणाला. "पन पयला पळत होता. मी बोललो, ह्यो खरवलीचा नाय, देवखोलचा बी नाय. शीड उतरवलं आन बाहेरच थांबलो. मंग डोळे मिटले. उजेड पापण्यांवर आला, गेला, आला. आन मना ओवी ऐकू आली." तो आवडीकडे वळला. "मी दिवा नाय बघितला. आवडी दळताना ऐकली. मंग घरी यायला काय लागतंय?"

ओवी तिथवर ऐकू जाणे शक्य नव्हते. अडीच कोसांचे अंतर आणि वर वादळ. पण काथोड मरेपर्यंत आपल्या बोलण्यावरून हटला नाही, आणि त्या बाकीच्या चार खलाशांनीही शपथेवर तेच सांगितले. एकोणतीसच्या एकोणतीस माणसे त्या दिवशी घरी जेवली. वर दळलेल्या त्याच पिठाच्या भाकऱ्या गावभर थापल्या गेल्या, आणि लोबो मास्तरांना डाव्या हाताने जेवायला आवडीने स्वतः भाकरी कुस्करून दिली. त्यानंतर पुन्हा बाईमाणसाला वर यायची बंदी मास्तरांनी कधी घातली नाही.

आवडीने नवस पाळला. जाते खाली आले नाही. पण घरचे दळण काही थांबत नाही. म्हणून ती दळायला रोज संध्याकाळी शहाण्णव पायऱ्या चढून वर जायची. साठी उलटली तरी जायची, आणि दुसऱ्याच्या जात्यावर जा असे कुणी म्हटले की, "तुज्या जात्याला दिवा हाय काय?" म्हणून गप्प करायची. ती थकली तेव्हा गावातल्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या. पुढे नवी साखळी आली, साखळी जाऊन वीज आली. पाळ्या तशाच राहिल्या. आणि आणखी एक गोष्ट राहिली. खरवलीच्या बायका तेव्हापासून नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारतात. बाहेरून आलेल्या सुनांना पहिला महिनाभर ते जड जाते, मग इतके जमते की नवऱ्यांना जड जाते.

गोष्ट संपली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. टेकडीवरून एक बाई पदरात मूठभर तांदूळ घेऊन येताना दिसली. "आज वनिताची पाळी," नाखवा म्हणाले.

निकम उठले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पुढे केले. "नाखवा, मी मोजू का?"

"मोजा की! त्यासाठीच थांबलोय."

वनिता दाराशी पोचली, कट्ट्याकडे वळून पाहिले आणि अक्काला म्हणाली, "मावशी, समोर बसायला कोनतरी पायजे. येताव?"

अक्का हसली. लहानपणी आईसमोर बसून दळलेली ती. तिने एकदा वर पाहिले, एकदा गुडघ्यांकडे, आणि उठली. रेवाने तिचा हात धरला. तीन ठिकाणी थांबली, दोनदा यंत्रांच्या तज्ज्ञ भावाला शिव्या घातल्या, पण शहाण्णवावी पायरी ती आपल्या पायांनी चढली. दगडाच्या टवक्यांवरून मात्र तिने आठवणीने बोटे फिरवली.

दोघींनी समोरासमोर बसून खुंटा धरला. पहिली ओवी अक्काची, आईकडून आलेली. निकमांनी घड्याळ दाबले. बारा सेकंद.

"घाटावरचं दळण जाड हाय," नाखवा म्हणाले, आणि वनिता फिसकन हसली.

दुसरी ओवी अकरा. तिसऱ्या ओवीला वनिताचा गळा अक्काच्या गळ्यात मिसळला, दोन हात एका खुंट्यावर एक झाले. निकमांनी घड्याळ थांबवले, पाहिले, पुन्हा पाहिले आणि रेवापुढे धरले. दहा. पुढे शून्य. ओवीच्या शेवटच्या शब्दावर नाखवांनी कळ ओढली, भिंग फिरू लागले, आणि पहिली चमक पाण्यावरून थेट क्षितिजापर्यंत गेली. रेवाने टाळ्या पिटल्या. अक्काच्या कपाळावर पीठ लागले होते आणि ती रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आले नसते.

त्याच वेळी कोपऱ्यातला बिनतारी संच खरखरला. दर्यावरचा कुणी तांडेल नाखवांना सांगत होता की तो परतीच्या वाटेवर आहे. पण आजही खरवलीचा तांडेल दिवा दिसला असे कधी म्हणत नाही.

"नाखवा," खरखरीतून त्याचा आवाज आला, "आवडी दळते. आलो घरी."